फातोर्ड्यावरची शेवटची मिनिटं

एफसी गोवाच्या चाहत्याला २० डिसेंबर २०१५ या तारखेची आठवण करून द्यावी लागत नाही. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल केला आणि गोवा २-१ असा पुढे गेला. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत चेन्नईयनने दोन गोल करून करंडक नेला. डिसेंबर २०२५मध्ये या पराभवाला दहा वर्षं झाली, पण त्या महिन्यात देशातली अव्वल लीग बंदच होती. लीग चालवण्यासाठी भारतीय फुटबॉल महासंघाने केलेला करार ८ डिसेंबरला संपला, नव्याचा पत्ता नव्हता, आणि महिना सरता सरता सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीमधली आपली मालकी सोडली. या सगळ्या पडझडीत गोव्याच्या बचावफळीचा विषय किरकोळ वाटेल, पण रोग एकच आहे. दहा वर्षं या संघाबद्दल एकच वाक्य बोललं गेलं: आघाडी झकास, बचाव कच्चा. हे निदान वरवरचं आहे. बचाव ही अकरा जणांनी वर्षानुवर्षं एकत्र खेळून अंगी बाणवायची सवय आहे, आणि ती मुरण्याइतका सलग वेळ आपल्या फुटबॉलने कोणत्याच संघाला दिला नाही. गोव्याच्या प्रत्येक फुटलेल्या सामन्यामागे हे कारण सापडतं.

गोव्याला बचाव जमतच नाही, असं म्हणणाऱ्यांनी सुपर लीगच्या आधीची वर्षं पुसून टाकली आहेत. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. महेश गवळी आणि समीर नाईक हे त्या क्लबचे गोवेकर बचावपटू. त्यांचा धाक होता, कारण संघाचा गाभा वर्षागणिक बदलत नव्हता आणि प्रशिक्षकही तोच राहत होता. मग २०१४मध्ये सुपर लीग आली. साखळीचे १४ सामने, अडीच महिन्यांत सगळा खेळ खलास, मैदानावर सहा परदेशी खेळाडू आणि उरलेले अनेक जण तेव्हाच्या राष्ट्रीय आय-लीगच्या क्लबांकडून उसने घेतलेले. अडीच महिन्यांत एखादा चांगला आघाडीवीर स्वतःच्या गुणांवर गोल करून जातो. चार जणांची बचावफळी आणि तिच्यामागचा गोलरक्षक यांना मात्र एकमेकांची चाल ओळखेपर्यंत हंगाम संपलेला असतो. २०१६मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली, तेव्हा बचावपटू घडवणारी जुनी शाळाही बंद झाली. त्या माघारीला महासंघाची आणि लीगच्या आयोजकांची धोरणं जबाबदार होती आणि त्याचा जाब अजून कुणी दिलेला नाही.

२०१५च्या अंतिम सामन्याचं खापर गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीवर फुटलं, कारण बरोबरीचा गोल त्याच्या नावावर स्वयंगोल म्हणून नोंदला गेला. पुढच्या काही क्षणांत स्टिव्हन मेंडोझाने विजयी गोल केला. चूक कट्टीमनीची होती हे मान्य करूनही प्रश्न उरतो: तीन मिनिटांपूर्वी आघाडी मिळवलेल्या संघाच्या गोलसमोर इतका गोंधळ कसा झाला? प्रशिक्षक झिकोंच्या त्या संघाने साखळीत १४ सामन्यांत २९ गोल केले आणि २० खाल्ले. संघ अव्वल ठरला, म्हणून त्या २० गोलांकडे कुणी पाहिलं नाही. बचावात २००२चा विश्वविजेता लुसिओ होता, पण एकट्या लुसिओने बचावफळी होत नाही. समोर मार्को मातेराझ्झी यांचा संघ होता, आणि स्वतः बचावपटू म्हणून विश्वचषक जिंकलेल्या या माणसाला घाबरलेल्या संघावर दडपण कसं आणायचं हे ठाऊक होतं. पुढच्याच हंगामात तोच झिकोंचा गोवा २५ गोल खाऊन तळाला गेला. एका रात्रीच्या दुर्दैवाची गोष्ट असती, तर हे घडलं नसतं.

प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले २०१७मध्ये, आणि भारतात त्याआधी कुणी पाहिला नव्हता असा फुटबॉल त्यांनी आणला. पहिल्या हंगामात १८ सामन्यांत ४२ गोल केले, २८ खाल्ले. बेंगळुरूविरुद्धचा ४-३ हा विजय त्या संघाचं पूर्ण चित्र आहे. फेरान कोरोमिनास गोल करत होता, अहमद जाहू मागून खेळ चालवत होता, मंदार राव देसाई या विंगरला लोबेरांनी डावा फुलबॅक केलं होतं आणि उजवीकडून सेरिटन फर्नांडिस तितकाच पुढे धावत होता. दोन्ही फुलबॅक पुढे गेल्यावर मागे दोन सेंटरबॅक आणि जाहू एवढेच उरत. चेंडू गोव्याच्या पायात असेपर्यंत हे चालतं. तो मैदानाच्या मध्यावर हरवला की तीन माणसांना अर्धं मैदान राखावं लागतं. अशा वेळी गोल खाल्ला की टीव्हीवर शेवटचा हुकलेला बचावपटू दिसतो, चाळीस मीटर पुढे झालेली चूक दिसत नाही. संकट उगमाशीच अडवावं लागतं, हे तत्त्व अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याच्या बाबतीत सिद्ध केलं आहे. पोपटराव पवार १९८९मध्ये सरपंच झाल्यावर गावाने माथा ते पायथा काम केलं. डोंगरावर समतल चर खोदले, वरचं पाणी वरच अडवलं आणि मगच खालचे बंधारे टिकले. विहिरीपाशी उभं राहून पाणी अडवता येत नाही, तसंच प्रतिस्पर्ध्याचा हल्लाही पेनल्टी बॉक्समध्ये अडवता येत नाही. आघाडीच्या तिघांनी चेंडू गेल्या क्षणी पाठलाग केला, मधल्या फळीने जागा बुजवली, तरच मागचे चौघे उभे राहतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. २०१८-१९च्या साखळीत याच संघाने १८ सामन्यांत फक्त २० गोल खाल्ले, मग बचाव वाईट कसा? तो वाईट नव्हता, अपुरा होता, आणि अपुरेपणा साखळीत झाकला जातो. कमजोर संघांविरुद्ध ७० टक्के वेळ चेंडू आपल्याकडे राहिला तर बचावाची परीक्षाच होत नाही. ती बाद फेरीत झाली. २०१८च्या उपांत्य फेरीत चेन्नईत ०-३. २०१९चा अंतिम सामना मुंबईत, जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर गेल्यावरही दहा जणांनी बेंगळुरूला ११६व्या मिनिटापर्यंत रोखलं आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर मुंबईकर राहुल भेकेचं हेडर आत गेलं. २०१९-२० हा तर सर्वांत बोलका हंगाम. १८ सामन्यांत ४६ गोल, साखळीत अव्वल येऊन लीग शील्ड, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब हा मान. आणि उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात चेन्नईयनकडून उत्तरार्धात चार गोल. दुसरा सामना गोव्याने ४-२ असा जिंकला तरी एकूण ५-६ ने बाहेर. दोन्ही सामन्यांत लालियानझुआला छांगते या वेगवान विंगरने फुलबॅकच्या मागची मोकळी जागा हेरून गोल केले. साखळी संपायला तीन सामने उरले असताना व्यवस्थापनाने लोबेरांना काढून टाकलं होतं. अव्वल स्थानासाठी झुंजणाऱ्या संघाचा प्रशिक्षक त्या वेळी काढणं हा या दशकातला क्लबचा सर्वांत मोठा अविचार होता, आणि बचाव अधिक सैल झाला त्याचं आश्चर्य वाटू नये.

माणसं कच्ची नव्हती याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि त्यांच्या मागोमाग सेंटरबॅक मुर्तदा फॉल, जाहू, ह्यूगो बूमूस आणि मंदारही गेले. गोव्यात ज्यांच्या बचावावर बोट ठेवलं जात होतं, त्यांच्यासह मुंबईने २० सामन्यांत फक्त १८ गोल खाल्ले आणि शील्ड व करंडक दोन्ही जिंकले. पैसा जास्त होता, सामने प्रेक्षकांविना एकाच राज्यात झाले, प्रवासाचा शीण नव्हता, हे खरं. पण पैशाने बचाव विकत मिळतो असं मानायचं तर २०२१-२२चं उत्तर द्यावं लागेल. मालक तेच, फॉल तोच, जाहू तोच. प्रशिक्षक, गोलरक्षक आणि फॉलचा जोडीदार बदलले, आणि मुंबईने २० सामन्यांत ३१ गोल खाल्ले. त्याच प्रशिक्षकाला आणखी एक वर्ष मिळालं, तेव्हा आकडा २१वर आला. इकडे गोव्याने एप्रिल २०२१मध्ये, हुआन फेरान्दो यांच्या हाताखाली, बहुसंख्य भारतीय खेळाडू घेऊन आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये फातोर्ड्यावरच अल रय्यान आणि अल वाहदा यांना ०-० असं रोखलं. रय्यानचे प्रशिक्षक लोराँ ब्लाँ होते. चेंडू आपल्याकडे राहणार नाही हे ठाऊक असल्यामुळे अकराही जण चेंडूच्या मागे राहिले, म्हणून ते जमलं. डिसेंबर २०२१मध्ये फेरान्दो हंगामाच्या मध्यातच एटीके मोहन बागानला गेले आणि गोवा नववा आला.

दुसरा आक्षेप भारतीय बचावपटूंच्या दर्जाबद्दलचा. त्यांच्यात त्रुटी आहेत, पण त्या आल्या कुठून ते पाहिलं पाहिजे. पहिल्या हंगामांत सहा आणि नंतर पाच परदेशी खेळाडूंना मैदानावर मुभा असताना अनेक क्लबांनी सेंटरबॅकची जोडी परदेशी ठेवली. तरुण भारतीय सेंटरबॅक एक तर बाकावर बसला किंवा फुलबॅक झाला. मग २०२१-२२मध्ये परदेशी खेळाडूंची संख्या चारवर आणली गेली. निर्णय योग्यच होता, पण सात वर्षं ज्यांना त्या जागी उभं केलं नाही, त्यांनी एका उन्हाळ्यात संदेश झिंगन व्हावं अशी अपेक्षा धरली गेली.

प्रशिक्षक मानोलो मार्केझ २०२३मध्ये आले, झिंगन आले, ओडेई ओनाइंदिया आला. २२ सामन्यांत फक्त २१ गोल खाल्ले गेले. सातत्य मिळालं की बचाव सुधारतो, हेच त्यातून दिसतं. पण सुधारणा ८५व्या मिनिटापर्यंतच पोचली होती. २४ एप्रिल २०२४ला उपांत्य सामन्यात गोवा फातोर्ड्यावर मुंबईविरुद्ध ९०व्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे होता आणि २-३ ने हरला. तिन्हींपैकी दोन गोल पुन्हा त्याच, तेव्हा मुंबईकडून खेळणाऱ्या छांगतेचे. झिंगन जानेवारीतल्या आशियाई चषकात जायबंदी झाल्याने नव्हता, हे कारण दिलं गेलं. झिंगनची उणीव होतीच, तरीही सहा-सात मिनिटांत तीन गोल एका माणसाच्या अनुपस्थितीने होत नाहीत. दोन गोलांची आघाडी मिळाल्यावर संघ मागे सरला, चेंडू पायात ठेवायचं विसरला आणि हल्ल्यामागून हल्ला अंगावर घेत राहिला. पुढच्या हंगामात त्याच मानोलोंकडे राष्ट्रीय संघाचीही धुरा होती. एका माणसावर क्लब आणि देश दोन्ही टाकणं हा दोघांवरही अन्याय होता. ६ एप्रिल २०२५ला पुन्हा उपांत्य सामना, या वेळी बेंगळुरूविरुद्ध, पुन्हा फातोर्डा. पहिल्या सामन्यात खाल्लेले दोन गोल ८८व्या मिनिटाला भरून निघाले आणि भरपाई वेळेत चाळिशीच्या सुनील छेत्रीने हेडरने गोवा संपवला. दहा वर्षांत एकाच मैदानावर तिसऱ्यांदा हे झालं.

कुणी म्हणेल, गोव्याने आक्रमकच खेळावं, तोच त्याचा स्वभाव, तीच लोकांची आवड. आक्रमण सोडा असं या लेखात कुठेही म्हटलेलं नाही. शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू पुढे ठेवणं हाही बचावच आहे, आणि तो आक्रमक संघालाच उत्तम जमू शकतो. त्यासाठी प्रशिक्षक, गोलरक्षक, सेंटरबॅकची जोडी आणि त्यांच्यापुढचा मधल्या फळीचा खेळाडू किमान तीन हंगाम एकत्र राहायला हवेत. दहा वर्षांत झिको, लोबेरा, फेरान्दो, डेरिक परेरा, कार्लोस पेन्या आणि मानोलो असे सहा प्रशिक्षक झाले. एवढ्या उलथापालथीत शील्ड मिळालं, ही त्या खेळाडूंची पुण्याई.

आता तर वेळ देण्याची भाषाच उरलेली नाही. २०२४-२५मध्ये प्रत्येक संघ साखळीचे २४ सामने खेळला. रखडलेला नवा हंगाम जाहीर झाला तो १४ फेब्रुवारी २०२६पासून, प्रत्येकी १३ सामन्यांचा, म्हणजे २०१४च्याही मागे. करार अधांतरी असताना कोणता क्लब विशीतल्या सेंटरबॅकशी चार वर्षांचा करार करेल? महासंघाने निदान पाच वर्षांचं निश्चित वेळापत्रक द्यावं, क्लबांनी आपल्या दुसऱ्या संघात भारतीय सेंटरबॅकच्या जोड्या एकत्र वाढवाव्यात, आणि प्रेक्षकांनी गोल खाल्ल्यावर शेवटच्या माणसाला शिव्या देण्याआधी चेंडू कुठे हरवला ते पाहावं. यातलं पहिलं झालं नाही, तर बाकीच्या दोन्हींचा उपयोग नाही.