मशीनगन : मारास्थिती व सुरक्षा

चाप दाबून धरला असता काडतूस भरणे, ते उडविणे व रिकामे आवरण बाहेर टाकणे या क्रिया आपोआप व सतत करणारे शस्त्र म्हणजे मशीनगन. ती चालविताना सैनिकाचे शरीर, शस्त्र व त्याचा आधार यांची जी मांडणी करावी लागते, तीस मारास्थिती म्हणतात. रायफलधारी सैनिक एक गोळी झाडून पुन्हा नेम धरू शकतो. मशीनगन मात्र मिनिटास ६०० ते १,००० गोळ्या अशा वेगाने धक्के देत असल्याने मध्ये नेम सुधारण्यास अवसर नसतो. पहिल्या गोळीचा नेम फैरीतील शेवटच्या गोळीपर्यंत टिकवून धरणे, हेच मारास्थितीचे प्रयोजन होय.

कितीही पक्का आधार दिला, तरी सर्व गोळ्या एकाच ठिकाणी पडत नाहीत. सपाट जमिनीवर त्या लांबट, अरुंद पट्ट्यात पडतात. त्यास पतनक्षेत्र म्हणता येईल. एफएन मॅग या बेल्जियन मशीनगनचे (हिचा भारतीय अवतार कानपूर येथे तयार होतो) पतनक्षेत्र ५०० मी. अंतरावर सु. ११० मी. लांब व १ मी. रुंद असते, १,००० मी. अंतरावर गोळ्या अधिक तिरप्या उतरत असल्याने लांबी सु. ७५ मी. होते व रुंदी २ मी. पर्यंत वाढते. समोरून येणाऱ्या आडव्या रांगेवर या अरुंद पट्ट्याचा फारसा उपयोग होत नाही. तोच पट्टा बाजूने त्या रांगेच्या लांबीवर पडला, तर संहार होतो. म्हणून मशीनगनची ठाणी बगलेवर व एकमेकींचा मारा छेदतील अशी बसवितात. अशा ठाण्यावर पायदळाने चालून जाणे किती महाग पडते, याचे उदाहरण इटलीतील आहे. १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील इतर सर्व सैनिक मशीनगनच्या माऱ्यात ठार वा जखमी झाले. घाडगे यांनी एकट्याने ते ठाणे काबीज केले व तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

मारास्थिती : सर्वांत स्थिर व सर्वांत जास्त वापरली जाणारी स्थिती पालथे पडून घेतात. मशीनगनचा पुढचा भाग दुपाईवर टेकलेला असतो. चालक तिच्या थेट मागे, पाठीचा कणा नळीच्या रेषेत येईल असा पडतो. पाय फाकलेले व टाचा जमिनीला टेकलेल्या असतात. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट ओढून दुपाई किंचित पुढे रेटली जाते. रायफलधाऱ्याप्रमाणे तिरपे पडल्यास प्रत्येक धक्का शरीराला एकाच बाजूस वळवितो आणि फैर लक्ष्यावरून सरकत जाते. डावीकडचा सहायक काडतुसांचा पट्टा सरळ ठेवतो, गोळ्या कोठे पडतात ते सांगतो व नळी बदलतो. खंदकात दुपाई बांधावर ठेवून उभ्याने मारा करतात. दीर्घ पल्ल्यासाठी तिपाई लागते. ती शस्त्राला जमिनीशी जखडते. त्यामुळे दिवसा निश्चित केलेल्या रेषेवर अंधारातही मारा करता येतो. चालता चालता कमरेवरून मारा करण्याची रीत चित्रपटांनी लोकप्रिय केली असली, तरी प्रत्यक्षात ती ठाण्यावरील अखेरच्या धावेपुरतीच व थोड्या गोळ्यांपुरतीच उपयोगी आहे.

सुरक्षा : सुरक्षेचे बहुतेक नियम उष्णतेतून उद्‌भवले आहेत. व्हिकर्स (ब्रिटिश सेनेत १९१२–६८) या जुन्या मशीनगनची नळी सु. ४ लिटर पाण्याच्या वेष्टनाने थंड राखीत. ब्रेन, एफएन मॅग इ. हवेने थंड होणाऱ्या मशीनगनांत बोल्ट मागे अडकवून ठेवतात. चाप दाबला की तो पुढे धावून काडतूस भरतो व उडवितो. थांबताना तापलेल्या नळीत काडतूस राहू नये आणि नळीतून हवा खेळावी, हा यातील हेतू. परंतु त्यामुळे नवा धोका निर्माण होतो. काडतुसे लावलेली असताना बोल्ट अर्धवट मागे ओढला जाऊन हातातून सुटला, तर चापाला स्पर्श न होताही गोळी सुटू शकते. म्हणून आधी काडतुसे काढणे, मग कोठी डोळ्यांनी तपासणे व त्यानंतरच बोल्ट हाताने धरून पुढे जाऊ देणे, हा क्रम कधीही मोडला जात नाही.

एफएन मॅगमधून मिनिटास १०० गोळ्या झाडल्यास दर १० मिनिटांनी व २०० झाडल्यास दर २ मिनिटांनी नळी बदलावी लागते. नळी तापलेली असताना काडतूस आत अडकल्यास ते केवळ उष्णतेनेच उडण्याचा संभव असतो. अशा वेळी झाकण घाईने उघडल्यास चालकाच्या चेहऱ्याला इजा होते. म्हणून सरावात नळी लक्ष्याकडेच ठेवून, माणसे दूर करून, नळी निवेपर्यंत थांबतात. अडकणी झिजल्याने चाप सोडूनही मारा चालू राहिला, तर शस्त्र लक्ष्यावरच रोखून धरतात व काडतुसे संपू देतात किंवा पट्टा पिळून तोडतात. घाबरून मशीनगन वळविणे हीच अशा प्रसंगातील घातक चूक होय.

स्वपक्षाच्या सैनिकांच्या डोक्यांवरून मारा करण्याची पद्धत पहिल्या महायुद्धात रूढ झाली. हा मारा तिपाईवरूनच, कोष्टकांतून काढलेल्या सुरक्षित कोनाने करतात; दुपाई मऊ जमिनीत थोडी रुतली, तरी गोळ्यांचा मार्ग खाली येतो. ७·६२ मिमी. गोळी सु. ३,७०० मी. पर्यंत जाऊ शकत असल्याने चांदमारीच्या मैदानामागे तेवढा प्रदेश निर्मनुष्य ठेवावा लागतो व मशीनगनच्या दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकून नळी वळण्याची मर्यादा बांधून देतात. या शस्त्राचा आवाज १४० डेसिबेलहून अधिक असतो. त्याने होणारे बहिरेपण कायमचे असल्याने चालक, सहायक व प्रशिक्षक या तिघांनाही कर्णरक्षक वापरणे आवश्यक असते.