रंगकामातील जयणा

दिवाळीपूर्वी घर रंगवून घ्यावे, हा चिंचवड, निगडी, भोसरीच्या व्यापारी घरांतील जुना शिरस्ता. परंतु तेव्हा चातुर्मास सरलेला नसतो आणि भिंतींत पावसाची ओलही उरलेली असते. दमट हवेत लावलेल्या स्पिरिटच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते. कार्तिकी पौर्णिमेनंतरची कोरडी हवा सर्वार्थाने सोयीची. रंगारीही तेव्हा जरा मोकळा सापडतो.

खरा प्रश्न पॉलिशच्या डब्यातच आहे. सागवानी दारांना पिढ्यान्‌पिढ्या लावले जाणारे फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. पळस, कुसुम, बोर या झाडांवर पोसणाऱ्या लाखेच्या किड्यांचा तो स्राव. तो मिळवताना असंख्य जीवांचा नाश होतो. श्रावकाला वर्ज्य ठरवलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य स्पष्टपणे सांगितले आहे. रेशीम कटाक्षाने टाळणारी घरेही हा डबा मात्र निःशंकपणे आणतात, आणि तोही गृहमंदिराच्या दारासाठी!

याला पर्याय जवसाच्या उकळलेल्या तेलाचा. पातळ हात द्यावा, वर राहिलेले तेल पुसावे, पूर्ण वाळल्यावर मऊ पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासून दुसरा हात द्यावा. चकाकी कमी येते, पण सागाची रेघ खुलते. तेलाची फडकी मात्र चुरगळून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. मोकळी पसरून वाळवावीत. अधिक टिकाऊपणा हवा असल्यास पाण्यावर आधारित पीयू वापरावे. त्यासाठी नायलॉनचाच ब्रश घ्यावा. डुकराच्या केसांचा ब्रश पाण्यात लिबलिबीत होतो, म्हणजे येथे व्रत आणि व्यवहार एकाच बाजूला आहेत.

कर्मादानांत विषवाणिज्यही आहे. प्राधिकरणाची स्थापना १९७२ची. तेथील जुन्या घरांच्या खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९०पेक्षा अधिक नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा खरवडल्यास शिशाची धूळ मुलांच्या पोटात जाऊ शकते. म्हणून तो पाण्याने भिजवूनच घासावा, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, मुलांना व गर्भवतींना तेवढे दिवस आजोळी अथवा माहेरी पाठवावे.

चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पाइनच्या पेट्यांपासून दुकानाची फडताळे करून घेणारेही पुष्कळ. परदेशातून आलेल्या फळीवरील शिक्का अगोदर वाचावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. घरात पहिलेच आणावे.