टाके निघाल्यानंतर

शस्त्रक्रियेनंतर कातडी, स्नायू, हाड आणि मज्जातंतू एकाच वेगाने भरून येत नाहीत. पोटावरचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, पण त्या वेळी जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम दहा टक्के असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. पुढे फारशी वाढत नाही. मांडीचे मोडलेले हाड जुळायला तीन ते सहा महिने लागतात. तुटलेला मज्जातंतू जोडला, तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. टाके निघताच कामाला जुंपून घेणारा रुग्ण आणि दोन महिने पलंग न सोडणारा रुग्ण, दोघेही हे वेळापत्रक मोडतात. त्यातला दुसरा घरच्यांना शहाणा वाटतो, कारण तो ‘आराम’ करत असतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत साध्या हर्नियाच्या रुग्णालाही दोन-तीन आठवडे झोपवून ठेवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुग्णांना लवकर उठवण्याची पद्धत रुळली. पडून राहिले की पोटरीच्या शिरांत रक्त साकळते आणि त्यातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतते. फुफ्फुसाचा तळ नीट फुलत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. १९९० च्या दशकात हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जनने आतड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही वेदना नीट आवरून रुग्णाला लवकर खायला आणि चालायला लावण्याची पद्धत बांधली. आज पहिल्याच दिवशी नर्स पलंगावरून उठवते, त्यामागे हा सगळा अनुभव आहे. तीन रंगीत चेंडूंचे यंत्र हातात देतात तेही फुफ्फुसांसाठीच. बहुतेक जण त्यात फुंकर मारतात. खरे तर नळीतून श्वास आत ओढून चेंडू वर धरायचे असतात.

पोटाच्या शस्त्रक्रियांचे चित्र दुर्बिणीने बदलले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले. भारतातली ती अशी पहिली शस्त्रक्रिया. आता असा रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो आणि खांदा दुखतो म्हणून घाबरतो. पोट फुगवायला भरलेला वायू छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि ते दुखणे खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत ते जाते. हर्नियानंतर मात्र चार ते सहा आठवडे जड उचलायचे नाही, आणि भरलेली बादली पंधरा किलोच्या घरात जाते. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीने बाळापेक्षा जड काही उचलू नये, पण तिला सव्वा महिना खाटेला खिळवणेही चूक. भात-वरणाने टाके पिकतात ही समजूत अजून टिकून आहे. जखम भरायला प्रथिने लागतात, आणि नेमके वरणच बंद होते.

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया निम्मी डॉक्टरांची, निम्मी रुग्णाची. पहिल्या दिवशीच वॉकर धरून उभे करतात. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होणे आणि काटकोनापर्यंत वाकणे साधले नाही, तर आत आवळून आलेल्या ऊती पुढे सहजी सुटत नाहीत. म्हणून दुखत असतानाच व्यायाम करावा लागतो. गोळी आधी घ्यायची, व्यायाम नंतर. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपणे सुखाचे वाटते, पण त्याने गुडघा वाकलेलाच राहतो. बदलापूर पूर्वेच्या कात्रपसारख्या वस्तीत लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची खरी परीक्षा जिन्यावर असते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, आणि कठड्याचा आधार कायम. देशी संडासावर कमोडची खुर्ची बसवणे, ओल्या मोरीतली आणि पलंगाजवळची पायपुसणी उचलणे ही कामे शस्त्रक्रियेच्या आधीच उरकावीत. खुबा बदलला असेल तर खाली मांडी घालून बसणे आणि पायावर पाय टाकणे किमान सहा आठवडे, कधी तीन महिने बंद. नवा सांधा निखळू शकतो.

बायपासमध्ये छातीचे हाड मधोमध कापून तारांनी जोडतात. ते पक्के व्हायला आठ ते बारा आठवडे जातात. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, पलंगावरून उठताना हातांवर भार द्यायचा नाही, चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचे नाही. या काळात लोकलमध्ये चढताना दांडा धरून स्वतःला वर खेचणे सर्वांत वाईट. चालणे मात्र रोज थोडे थोडे वाढवायचे.

रेल्वेमार्गावरच्या अपघातात पाय गमावलेल्यांचे पुनर्वसन सर्वांत लांबलचक. उरलेल्या भागाला पट्टी बांधून आकार द्यावा लागतो, सांधा आखडू द्यायचा नसतो आणि नसलेल्या पायात होणाऱ्या वेदनाही खऱ्याच असतात. कृत्रिम पायासाठी मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था आहे.

परळच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, पण कात्रपच्या रुग्णाला अंतर आडवे येते. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर आहे. रोजच्या फिजिओसाठी परळला जाणे ताज्या टाक्यांच्या माणसाला झेपत नाही. व्यायाम पहिल्याच भेटीत शिकून घरी करणे, त्यांचा कागद भिंतीला लावणे आणि तपासणीपुरते मोठ्या रुग्णालयात जाणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. जवळचा आधार उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाचा आणि वस्तीतल्या फिजिओचा. ताप, जखमेतून पू, एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, अचानक धाप लागणे यांपैकी काही झाले, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता जे रुग्णालय सर्वांत जवळ असेल तिथे त्याच दिवशी जायचे. धाप लागली असेल तर त्याच तासाला.