पाणी हेच वंगण : कृष्णाकाठचा रबरी बुश

‘वंगण’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बैलगाडीचा आस उभा राहतो. झीज टाळण्यासाठी चिकट, तेलकट पदार्थ भरावयाचा आणि पाण्यास तेथून दूर ठेवावयाचे, असा त्या शब्दाभोवतीचा संस्कार आहे. परंतु सातारा व सांगली जिल्ह्यांत नदीचे पाणी उचलणाऱ्या उभ्या टर्बाइन पंपांत एक भाग असा असतो की, ज्यास पाणी हेच वंगण. तो म्हणजे रबरी बुश. भाषेच्या अभ्यासकाने पंपाविषयी का लिहावे, ही शंका रास्त आहे; पण येथे शब्दाच्या संदिग्धतेने यंत्र बिघडू शकते, म्हणून हा विषय आमच्याही कक्षेत येतो.

कृष्णा उन्हाळ्यात तळाशी जाते आणि पुरात अफाट चढते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा नदीवर मोटर पुराच्या वर आणि पंप उन्हाळी पातळीच्याही खाली ठेवावयाचा, तर दोहोंमध्ये लांबलचक शाफ्ट आलाच. तो डगमगू नये म्हणून कॉलम पाइपांच्या सांध्यांत ठरावीक अंतरावर बुश बसवितात. बाहेरून धातूचे कवच, आत रबर, आणि रबरात उभ्या खाचा. त्या खाचांतून पाणी वाहते, शाफ्टभोवती त्याचा पातळ थर धरतो आणि वाळूचे कण धुऊन नेतो.

हाच बुश समुद्रावरील शिडाच्या होडीतही आढळतो. वारा पडला की तिचे लहान इंजिन पंखा फिरविते, आणि पंख्याचा दांडा जेथे बाहेर पडतो तेथे हा बुश असतो. पूर्वी जहाजांत त्या जागी लिग्नम व्हायटी या कठीण लाकडाच्या पट्ट्या असत. जॉन पेन यांनी १८५४ मध्ये ती युक्ती रूढ केली. रबराचा शोध मात्र खाणीतला. कॅलिफोर्नियात चार्ल्स शेरवूड या खाण-अभियंत्याने पंपाच्या झिजलेल्या बेरिंगच्या जागी रबरी नळीचा तुकडा बसविला, व तो धातूहून अधिक टिकला. म्हणजे बुश पंपातून होडीत गेला, होडीतून पंपात नव्हे.

परीक्षा दोहोंकडे एकच. होडी किनाऱ्यावर ओढून दांडा हाताने वर-खाली हलवून पाहतात; एक इंच जाडीच्या दांड्यास सोळांश इंचाहून अधिक खेळ असेल तर बुश बदलावा, असा ढोबळ नियम आहे. पंप चेनपुलीने वर काढून एकेक कॉलम सुटा करावा लागतो. झीज एकाच बाजूस असेल तर दोष बुशाचा नसून जुळणी चुकली आहे. रबर कडक, चकचकीत वा तडकलेले दिसले, तर तो कोरडा फिरला असे समजावे. जुना बुश ठोकून काढू नये. नट-बोल्टच्या ओढणीने हळूहळू काढावा. नवा बसविताना साबणाचे पाणी पुरे. शाफ्टवरील स्लीव्हला चरे पडले असतील तर तीही बदलावी. अन्यथा नवा बुश लवकरच जुन्यासारखा होतो. या कामी घाई करणारे पुन्हा चेनपुली लावतात, एवढेच.

आता शब्दाकडे वळू. त्याच शाफ्टच्या माथ्यावर, मोटरमध्ये, छऱ्यांचे बेरिंग असते. त्यास ग्रीस हवे, आणि पाणी शिरले की ते गंजते. खालच्या बुशास पाणी नसेल तर तो अल्पावधीत जळतो. म्हणूनच पाण्याच्या पातळीच्या वर राहिलेले बुश पंप सुरू करण्यापूर्वी वरून पाणी सोडून भिजवावे लागतात. दोहोंस ‘बेरिंग’च म्हटले, आणि ‘बेरिंगला वंगण द्यावे’ एवढीच सूचना भिंतीवर लिहिली, तर नवखा माणूस माथ्यावर ग्रीस भरून निश्चिंतपणे कळ दाबील. परिभाषेतील ‘धारवा’ हा शब्दही हा भेद दाखवीत नाही. ‘पाण्याचा बुश’ आणि ‘ग्रीसचे बेरिंग’ असे दोन साधे शब्द पंपघराच्या फलकावर असावेत, आणि पहिल्यापुढे ‘आधी पाणी, मग कळ’ एवढे लिहावे, असे आम्हास वाटते.