दात काढण्यापूर्वीची एक मात्रा

तोंडात एरवी निरुपद्रवीपणे नांदणारे स्ट्रेप्टोकोकस गटाचे जिवाणू दात काढताना रक्तात उतरतात, आणि हृदयाची झडप आधीच बिघडलेली किंवा कृत्रिम असेल तर तिला चिकटून ‘एन्डोकार्डायटिस’, म्हणजे हृदयाच्या आतील अस्तराचा संसर्ग, निर्माण करू शकतात. हा आजार विरळा परंतु जीवघेणा असल्याने अशा रुग्णांना दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक देण्याची शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ मध्ये केली आणि ती अनेक देशांत रूढ झाली. तिच्यामागे तर्क होता, पुरावा मात्र तोकडाच होता. शिवाय रोज दात घासतानाही जिवाणू रक्तात जातात, मग वर्षाकाठी एखाद्या मात्रेने काय साधणार, हा आक्षेपही वजनदार होता. त्यामुळे २००७ मध्ये त्याच संस्थेने ही शिफारस कृत्रिम झडप, पूर्वी झालेला एन्डोकार्डायटिस, काही जन्मजात हृदयदोष अशा सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांपुरती ठेवली, तर ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मार्च २००८ मध्ये ती सर्वांसाठीच थांबवली.

इंग्लंडमध्ये अशा मात्रांचे प्रमाण महिन्याला सुमारे १०,९०० वरून सरासरी २,२३६ वर आले. आरंभीच्या पाहणीत रुग्णसंख्येत मोठी वाढ दिसली नाही. परंतु २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार मार्च २०१३ पर्यंत, आधीचा कल तसाच राहिला असता तर अपेक्षित होते त्यापेक्षा, दरमहा सुमारे ३५ रुग्ण अधिक आढळत होते. मात्र ही वाढ कमी जोखमीच्या लोकांतही दिसली आणि संसर्ग कोणत्या जिवाणूने झाला याची माहिती उपलब्ध नव्हती, म्हणून दोष बदललेल्या नियमावर ठेवणे, संशय रास्त असूनही, घाईचे ठरते. बसवलेली हृदय-उपकरणे आणि वाढते वयोमान हीही कारणे असू शकतात. ‘नाइस’ने २०१६ मध्ये आपल्या वाक्यात ‘सरसकट’ अशा अर्थाचा एकच शब्द घातला, म्हणजे मात्रा सरसकट देऊ नये, आणि अपवादाला वाट ठेवली. वैद्यकात एका क्रियाविशेषणाला एवढे महत्त्व क्वचितच येते.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, कारण घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाती तापाने झडपा बिघडलेले रुग्ण येथे आजही पुष्कळ आहेत, आणि झडप बदललेली नसेल तर अमेरिकेच्या २००७ च्या यादीत ते बसत नाहीत. त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी मिळणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन हा ताप पुन्हा येऊ नये यासाठी असते. दात काढण्यापूर्वीच्या मात्रेचे काम त्याने होत नाही.