यायावराने घर कधी करावे?

गेल्या वैशाखात एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास आमचा एक जुना विद्यार्थी अकस्मात दारात उभा राहिला. अंगात मळकट सदरा, पाठीवर भली मोठी पिशवी आणि पायांत झिजून गेलेले बूट, असा त्याचा वेष होता. शाळेत असताना संस्कृतात हा नेहमी पहिला यावयाचा. पदवी घेऊन त्याने मुंबईस तीन वर्षे नोकरी केली, आणि ती सोडून गेली अकरा वर्षे तो देशभर हिंडत आहे. हिमाचलात डोंगर चढावयास येणाऱ्या मंडळींस वाट दाखवावी, कच्छात एखाद्या संस्थेचे लेखनकाम करावे, मध्येच नर्मदेची परिक्रमा पायी करावी, आणि जेथे जाईल तेथील ओव्या, म्हणी व बोलीतील शब्द वहीत उतरवून घ्यावेत, असा त्याचा क्रम. त्या वह्यांचा गठ्ठा त्याने आमच्यापुढे ठेवला. मोजल्या तेव्हा त्या ३७ भरल्या.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, आता थांबावे की नाही, हे विचारावयास आलो आहे."

प्रश्नाचे मूळ पुढे कळले. मागील पावसाळ्यात त्याच्या मातोश्री कोकणातील घरी न्हाणीत पाय घसरून पडल्या. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात पोहोचविले. चिरंजीव त्या वेळी स्पितीच्या खोऱ्यात होते. तेथे दूरध्वनी लागेना, त्यामुळे ही वार्ता त्यांस नवव्या दिवशी कळली. मातोश्रींचे वय ७४. त्यांनी मुलास 'ये' असे एका शब्दानेही म्हटले नाही. "तिकडे थंडी फार आहे का रे?" एवढेच विचारले. रागावली असती तर बरे झाले असते, हा प्रश्न मात्र वर्षभर पाठ सोडीत नाही, असे तो म्हणाला. त्यातच पुण्यास एका ठिकाणी चांगल्या वेतनाची जागा त्याला देऊ केली आहे. म्हणजे मार्ग तीन झाले: पुढे चालत राहावे, पुण्यास बिऱ्हाड करावे, किंवा घरी आईजवळ जावे.

आम्ही ३६ वर्षे एकाच गावच्या शाळेत फळ्यापुढे उभे राहून काढली. भ्रमंतीविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो कोणता? म्हणून त्या रात्री उत्तर न देता आम्ही त्याला जेवू घातले आणि जुनी पुस्तके काढून बसलो. त्या वाचनात जे सापडले ते इतर घरांतील आईबापांस व मुलांसही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून येथे लिहीत आहो.

भटकणारा तो संसाराबाहेरचा, अशी आपली सामान्य समजूत आहे. आपल्या धर्मशास्त्राची तशी नाही. बौधायनाच्या धर्मसूत्रात शालीन, यायावर आणि चक्रचर असे तीन प्रकार सांगून त्यांच्या नऊ वृत्ती, म्हणजे उपजीविकेचे मार्ग, वर्णिले आहेत. शाळेत म्हणजे घरात राहतो तो शालीन. उत्तम वृत्तीने जात राहतो तो यायावर. क्रमाक्रमाने दारे फिरतो तो चक्रचर. हे तिघेही गृहस्थाश्रमाच्या कक्षेतलेच मानलेले आहेत. सारांश, यायावराचे पाय चालत असले तरी त्याचे ऋण चुकत नाही. 'शालीन' शब्दाची पुढील गतीही पाहण्यासारखी आहे. पाणिनीच्या काळीच त्याला 'न धजणारा, भिडस्त' असा अर्थ आला होता. आम्हां घरकोंबड्यांवर त्या शब्दाने थोडा अन्याय केला खरा. तथापि घरात राहणे हे पुष्कळदा धर्म नसून केवळ न धजणे असते, हे कबूल केले पाहिजे. त्याच न्यायाने, चालत राहणे हेही सर्वदा धैर्यच असते असे नाही. एका जागी राहून ज्याला तोंड द्यावे लागेल, त्यास टाळण्यासाठीही मनुष्य चालत असतो.

यायावराने घर करण्याची सर्वांत जुनी गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात आहे. जरत्कारु नावाचा एक तपस्वी होता. जेथे सायंकाळ होईल तेथे त्याचे घर. हिंडता हिंडता एका खड्ड्यात काही पुरुष उलटे लोंबकळताना त्याला दिसले. वाळ्याच्या गवताच्या एकाच उरलेल्या मुळीस ते धरून होते आणि तीही एक उंदीर कुरतडीत होता. जरत्कारूने त्यांना नाव विचारले. ते म्हणाले, 'आम्ही यायावर नावाचे ऋषी. आमच्या कुळात एकच मुलगा उरला आहे, आणि तो मंदबुद्धी तप करीत हिंडत आहे. हा उंदीर म्हणजे काळ.' ते आपलेच पितर, हे ध्यानात येताच जरत्कारूचे पाय तेथेच खिळले.

येथवर ही कथा पुष्कळांस ठाऊक असते. पुढील भागाकडे सहसा लक्ष जात नाही. जरत्कारूने लग्न करण्याचे मान्य केले, पण अटी घालून. कन्या आपल्याच नावाची असावी, ती भिक्षा म्हणून मिळावी, आणि तिच्या पोषणाचा भार आपल्यावर नसावा. वासुकी नागाने आपली त्याच नावाची बहीण त्याला दिली. एके सायंकाळी पतीचे मस्तक तिच्या मांडीवर असता सूर्य अस्तास जाऊ लागला. संध्यावंदन चुकेल या भयाने तिने त्याला हलकेच उठविले. एवढ्यावरून अपमान झाला असे मानून तो निघून गेला तो कायमचा. तिच्या पोटी आलेल्या आस्तिकाने पुढे जनमेजयाचे सर्पसत्र थांबविले आणि कथेचे सार्थक झाले. पण तो मुलगा बापाशिवाय मामाच्या घरी वाढला. पितरांच्या भयाने जो थांबला, त्याला थांबावयास एक निमित्त पुरले आणि निघावयासही एकच पुरले. भयाने किंवा नुसत्या अनुतापाने केलेले घर टिकत नाही, असा आम्ही या कथेचा अर्थ घेतो.

आता पुराणातून आपल्या काळाजवळ येऊ. पाली भाषेचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या प्रश्नाचा जिवंत पाठच आहे. त्यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ गावी झाला. लहान वयातच लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयी वाचून त्यांच्या मनाने जी ओढ घेतली, तिने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. १८९९ मध्ये कन्या माणिक हिचा जन्म झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुणे व ग्वाल्हेर करीत काशीस गेले आणि अन्नछत्रात जेवून तेथे संस्कृत शिकले. बुद्धधर्म पाहावयास १९०२ साली नेपाळात गेले व निराश होऊन परतले. मग सिंहलद्वीपात कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ पालीचे अध्ययन केले, ब्रह्मदेशात राहिले आणि बुद्धाच्या पुण्यक्षेत्रांची यात्रा केली. हातात पैसा नाही, अंगावर भिक्षूची चीवरे, आणि पुढच्या मुक्कामाचा नेम नाही, अशी ही वर्षे गेली. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी ती स्वतःच सांगितली आहेत.

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास आले. तेथे त्यांनी चीवर उतरविले आणि पाली शिकविण्याचे काम पत्करले. थकल्यामुळे ते थांबले नाहीत. जे मिळविले ते आपल्या लोकांस द्यावयाचे, तर भिक्षूच्या नियमांत राहून ते होत नाही, म्हणून थांबले. त्याच वर्षी ते गोव्यास जाऊन कुटुंबास भेटले. जवळजवळ सात वर्षांनी! पुढील वर्षी, ३१ जुलै १९०७ रोजी, त्यांना जो पुत्र झाला तो म्हणजे गणित व इतिहास या दोन्ही शास्त्रांत कीर्ती मिळविणारे दामोदर कोसंबी.

खरी परीक्षा मात्र पुढेच होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कोठेही राहावे व ग्रंथलेखन करावे. कलकत्ता विश्वविद्यालयाने त्यांस राहवून घेण्यासाठी दरमहा २५० रुपये पुढे केले. पोटाचा विचार करणारा कोणताही शहाणा मनुष्य काय करील हे सांगावयास नको. धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले, कारण पालीचे ज्ञान मराठी जाणणाऱ्या लोकांस द्यावयाचे होते. १९१२ ते १९१८ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. तेथे पु. वि. बापट व चिं. वि. राजवाडे यांसारखे शिष्य तयार झाले आणि महाराष्ट्रात पालीची परंपरा रुजली.

यावरून धर्मानंद स्थिरस्थावर झाले असे मात्र कोणी समजू नये. 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या संपादनासाठी ते १९१० पासून चार वेळा अमेरिकेत हार्वर्डला गेले. १९२९ साली रशियात लेनिनग्राडास गेले. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात राहिले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, मुंबईस परळच्या कामकरी वस्तीत बहुजनविहारात राहिले, आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. एका छपराखाली त्यांचे आयुष्य गेले नाही. परंतु १९०६ नंतरचे त्यांचे चालणे निराळे होते. आधी ते घ्यावयास हिंडत होते, नंतर द्यावयास हिंडले. आमच्या मते, स्थिर होणे म्हणजे पाय थांबणे नव्हे. ज्या दिवशी घेणे कमी होऊन देणे सुरू होते, त्या दिवशी यायावराला घर मिळते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. धर्मानंदांविषयी आमच्या मनात परम आदर आहे. परंतु त्यांच्या या विद्येचे मूल्य एकट्या त्यांनीच दिले नाही. तान्ही मुलगी पदरात घेऊन बाळाबाईंनी जी वर्षे काढली त्यांचाही हिशेब त्या खात्यात मांडला पाहिजे. थोर पुरुषांच्या चरित्रांत हा रकाना बहुधा कोरा असतो. म्हणून आपल्या मुलांना अशी चरित्रे सांगताना तो आपण भरून सांगावा.

मग ज्यांनी घरच सोडले त्यांच्यासाठी काय नियम? विनयपिटकातील महावग्गात वर्षावासाची हकीकत आहे. प्रारंभी भिक्षू पावसाळ्यातही फिरत. लोक म्हणू लागले, 'हे हिरवे गवत तुडवितात, बारीकसारीक जीव मारतात. पक्षीसुद्धा पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात!' तेव्हा बुद्धाने पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. आपल्या संन्याशांचा चातुर्मासही याच जातीचा. या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो वाचून आम्ही क्षणभर पुस्तक मिटले. वर्षावासात जागा सोडावयाची नाही, सोडलीच तर सात दिवसांच्या आत परत यावयाचे. ज्या कारणांसाठी हे सात दिवस दिले आहेत, त्यांत आईचे किंवा बापाचे आजारपण आहे. आणि त्यासाठी बोलावणे येण्याची वाट पाहू नये, न बोलावताही जावे, असे तेथे सांगितले आहे. ज्यांनी घर, नाव व केशही टाकले, त्यांच्याही नियमांत आईचे दुखणे मोजलेले आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या मुलाला जे सांगितले ते येणेप्रमाणे. "जन्मभराचा निर्णय आज करू नकोस. तो कोणालाच करता येत नाही. जरत्कारूसारखा अटी घालून घरी जाऊ नकोस, आणि आईच्या एका प्रश्नाने दुखावलेल्या मनाचे प्रायश्चित्त म्हणूनही जाऊ नकोस. ते मन चार महिन्यांत कंटाळेल, आणि तुझ्या कंटाळ्याचा दोष आईच्या माथी येईल. तू एक वर्षावास कर. मृगापासून दिवाळीपर्यंत घरी राहा. तिने बोलावले नाही, म्हणूनच जा. जाताना या ३७ वह्या घेऊन जा आणि त्यांतील एक तरी लोकांपुढे ठेवण्याजोगी करून दाखव. वहीतले देण्याजोगे निघाले तर जागा आपोआप ठरेल, मग ते पुणे असो की कोकण. न निघाले तर अजून घेणे पुरे झालेले नाही असे समज व पुन्हा चालू लाग. मात्र नवव्या दिवशी वार्ता कळेल इतक्या दूर, आई आहे तोवर, जाऊ नकोस."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, आणि आई म्हणाली की माझ्यासाठी थांबू नकोस, तर?"

आम्ही म्हणालो, "म्हणेलच. ते ऐकण्यासाठी तरी समोर हजर असावे लागते."

ज्येष्ठात त्याचे पत्र आले. पुण्याच्या मंडळींकडून त्याने दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. पत्र पुष्कळ लांब आहे, पण त्यात पुढच्या बेतांविषयी एक अक्षर नाही. घराची कौले दोन वर्षे शाकारलेली नव्हती. पावसापूर्वी छपरावर चढून त्याने ती स्वतः शाकारली. आई खाली अंगणात काठी टेकून उभी राहून कोणते कौल फुटके ते दाखवीत होती. माजघरात तीन ठिकाणी गळत असे, आता एकाच ठिकाणी गळते, असे तो लिहितो. त्या ठिकाणी वह्यांचा गठ्ठा होता. तो त्याने उचलून कोरड्या जागी, आईच्या पलंगापाशी ठेवला आहे.