गायक गेला, गायन पार्टीचे काय?

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बौद्धवाड्यांमध्ये एक वाद मी वारंवार ऐकला आहे. ज्याने गायन पार्टी उभी केली तो गायक गेला. आता पार्टी चालवायची की बंद करायची? वाद घालणारे बहुधा पार्टीतले नसतात. ते श्रोते असतात. १४ एप्रिलला आणि वैशाख पौर्णिमेला रात्रभर मांडी घालून ऐकणारे, कुठल्या गाण्यानंतर कुठले गाणे येणार हे पाठ असणारे. एक गट म्हणतो, त्याचा आवाज गेला तशी पार्टीही गेली. त्याचे नाव लावून दुसऱ्याने गाणे ही त्याची विटंबना आहे. दुसरा म्हणतो, मुलगा आहे ना, तो चालवील. तिसरा म्हणतो, कोणीही गावे, पण गाणे थांबता कामा नये. हा नुसता भावनेचा प्रश्न समजून सोडून देता येणार नाही. वारसा कोणाचा आणि तो कशाने ठरतो, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न त्याच्या तळाशी आहे.

आधी गायन पार्टी म्हणजे काय ते नीट पाहू. तिचे मूळ जलशात आहे. सत्यशोधकांनी तमाशाचा घाट उचलला आणि त्यातून शेतकऱ्याची लूट, भटशाही, अंधश्रद्धा यांवर प्रहार केले. पुढे १९३० नंतरच्या काळात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत महाड आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह जलशाने पोचवला. १९५६ च्या धर्मांतरानंतर जलसा हळूहळू मागे पडला आणि कव्वालीच्या मुकाबल्याचा थाट घेऊन गायन पार्ट्या पुढे आल्या. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला पाठ मला पुस्तकाने दिला नाही, गायन पार्टीने दिला. माझ्या वर्गातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचेही असेच आहे. म्हणून पार्टी बंद पडते तेव्हा वाडीतली एक शाळाच बंद पडते, असे मी समजतो.

या शाळेची रचना अशी. मध्ये मुख्य गायक, बाजूला पेटी, ढोलकी, बेंजो, मागे कोरस. गाणे पुष्कळदा तिसऱ्याच कवीचे असते. शेवटच्या कडव्यात त्या कवीची नाममुद्रा येते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गाण्यात 'वामन' हे नाव येते, आणि गाणारा कोणीही असो, ते नाव त्याला उच्चारावेच लागते. ही साधी रीत फार मोलाची आहे. गाणे दुसऱ्याच्या गळ्यात गेले तरी कर्ता पुसला जाऊ नये, याची सोय आपल्या शाहिरांनी गाण्यातच करून ठेवली आहे. वामनदादांची गाणी शेकडो वह्यांत उतरली आणि शेकडो गळ्यांत गेली, ती कोणाच्या मालकीची राहिली नाहीत, तरी वामनदादा हरवले नाहीत. तेव्हा 'दुसऱ्याने गायले की मूळ माणूस पुसला जातो' हे म्हणणे आपल्या परंपरेला धरून नाही.

मात्र पार्टीचे नाव ही वेगळी गोष्ट आहे. सुपारी येते ती नावावर. फलकावर नाव मुख्य गायकाचे, बिदागी ठरते त्याच्या नावाने, आणि वाटणीत मोठा हिस्साही त्याचाच. तो गेला की ढोलकीवाला आणि कोरसवाले एका रात्रीत बिननावाचे होतात. धाटावच्या कारखान्यात पाळी करून, रजा मिळवून ज्याने वीस वर्षे ढोलकी वाजवली, त्याचे पार्टीत काय आहे? श्रोत्यांच्या वादात हा प्रश्न क्वचितच येतो. ढोलकीवाला मेला तर पार्टी चालवावी की नाही यावर कोणी वादही घालत नाही; दुसरा ढोलकीवाला बघतात. इंग्रजी गाण्याच्या दुनियेतले एक उदाहरण विद्यार्थ्यांना ठाऊक असते. १९८० साली लेड झेपेलिन या प्रख्यात बँडचा जॉन बॉनम वारला आणि उरलेल्यांनी बँड थांबवला. बॉनम गायक नव्हता, ड्रम वाजवणारा होता. त्याच वर्षी एसी/डीसी या बँडचा गायक बॉन स्कॉट वारला; तिथे नवा गायक आला आणि बँड चालू राहिला. थांबणे किंवा चालणे यांतले एकच बरोबर असे नाही. पण वाजवणाऱ्याच्या जागेलाही गायकाइतकी किंमत असू शकते, हे त्यातून दिसते.

आता मुलाच्या हक्काकडे वळू. तमाशाच्या फलकावर 'सह' हा शब्द असतो. एका नावाला दुसरे नाव जोडून फड पुढे जातो. नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्या फडातून विठाबाई पुढे आल्या. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड चालवला. प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले. आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी वडील हयात असतानाच स्वतःची ओळख मिळवली होती. विठ्ठल उमप यांना २०१० साली नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच मृत्यू आला. नंदेश उमप आज गातात. या मंडळींनी गाणे मेहनतीने कमावले आहे, त्याविषयी तक्रार नाही. मुलाने गाऊ नये असे कोण म्हणेल? माझा आक्षेप 'मुलगा म्हणून' या दोन शब्दांना आहे. जन्माने हक्क मिळतो या तत्त्वाविरुद्ध ज्या समाजाने लढा दिला, त्याने आपल्या गायन पार्टीत तेच तत्त्व गादीवर बसवावे काय? आणि वारसाचेच बोलायचे तर कोरसमध्ये गाणाऱ्या मुलीचे नाव का निघत नाही?

दुसरीकडे रक्ताचे नाते नसलेला वारसाही आपल्यापुढे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्यांचे साथीदार संभाजी भगत यांनी गाणे थांबवले नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ साली, दीडेक महिन्याच्या अंतराने गेले. ते पथक राहिले नाही, पण त्यांची गाणी आजही नव्या पोरांच्या तोंडी आहेत. पथक संपले तरी गाणे राहते, हे खरे. मात्र ते आपोआप राहत नाही. कोणीतरी ते उचलावे लागते.

या बाबतीत आपल्याला उसना दाखला शोधायची गरज नाही. बुद्धाने उत्तराधिकारी नेमला नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी या प्रसंगाला स्वतंत्र जागा दिली आहे. धम्म हाच धम्माचा वारस, असा त्याचा आशय आहे. संघ मात्र बुद्धामागे चालू राहिला. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना राजकारणातल्या विभूतिपूजेचा शेवट हुकूमशाहीत होतो, असा इशारा बाबासाहेबांनी दिला होता. त्यांच्या गुणगानासाठीच उभी राहिलेली पार्टी एका माणसाच्या नावावाचून उभी राहू शकत नसेल, तर ती त्यांच्या विचारापासून लांब गेली आहे.

म्हणून माझे उत्तर असे. पार्टी चालावी, पण नाव जसेच्या तसे वापरून नव्हे. फलकावर 'संस्थापक' म्हणून गेलेल्याचे नाव राहावे आणि आज गाणाऱ्यांची, वाजवणाऱ्यांची नावे त्याखाली यावीत. श्रोत्यांची फसवणूक होऊ नये. कोण गाणार हे पार्टीने बसून ठरवावे. त्यात गायकाचा मुलगा असेल, शेजारची मुलगीही असेल. बिदागीची वाटणी आधी लिहून ठेवावी, आणि गेलेल्याच्या घरी त्यातला ठरलेला भाग काही वर्षे जावा. तो त्याच्या कष्टाचा आहे. सर्वांत तातडीचे काम वहीचे आहे. पुष्कळ गायकांची गाणी एकाच वहीत असतात आणि ती वही पत्र्याच्या पेटीत भिजते. तिच्या दोन-तीन प्रती व्हाव्यात, चाली ध्वनिमुद्रित व्हाव्यात. कॉलेजातल्या पोरांना हे सहज जमेल.

आणि पार्टीतल्यांनाच थांबायचे असेल तर? तर त्यांना थांबू द्यावे. शोक करण्याचा हक्क त्यांचा आहे, श्रोत्यांनी तो सक्तीने हिरावू नये. फक्त थांबताना वही पेटीत बंद करू नये. ती वाडीतल्या पुढच्या गाणाऱ्याच्या हाती द्यावी.